खाडीच्या तोंडाशी जाळं लावणार असाल तर

समुद्रातून माशांची किती पिल्लं खाडीत शिरतात ते मोजणाऱ्यांसाठी हे लिहितेय. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचता येतं, प्लवक जाळी (बारीक जीव पकडायचं दाट विणीचं जाळं) बांधता येते, डिंभ (अंड्यातून निघालेली पहिली अवस्था) आणि पिल्लू यांतला फरक कळतो, एवढं गृहीत धरते.

समुद्रात जन्मलेली पिल्लं खाडीत किंवा लगूनमध्ये (वाळूच्या पट्ट्यामागच्या उथळ पाण्यात) भरतीबरोबर वाहत येतात, ही समजूत अर्धवट आहे. पाणी आत आलं तसं काही तासांत बाहेरही जातं. मग पिल्लं आत टिकतात कशी? अनेक जातींची पिल्लं भरतीत वर येतात आणि ओहोटीत तळाशी बसतात. तळालगत घर्षणामुळे ओढ कमी असते, त्यामुळे दर भरतीला थोडी थोडी आत सरकतात. ईलची काचेसारखी पिल्लं हेच करतात. जिथे नदीचं गोडं पाणी वरून बाहेर आणि जड खारं पाणी खालून आत येतं, तिथे तर तळाशी नुसतं थांबलं तरी आतच जाणं होतं.

आता माझा सगळा पहिला हंगाम ज्यात गेला ती गोष्ट, जरा लांबण लावूनच सांगते. जाळ्यात किती पिल्लं आली यावरून किती आत शिरली ते ठरत नाही. समजा, भरतीत दर 100 घनमीटरला 20 पिल्लं मिळाली आणि ओहोटीत 15. बघणारा म्हणेल, आवक जास्त. पण भरतीत 10 लाख घनमीटर पाणी आत आलं आणि ओहोटीत नदीचं धरून 14 लाख बाहेर गेलं, तर आत आली 2 लाख पिल्लं आणि बाहेर गेली 2 लाख 10 हजार. म्हणजे निव्वळ तोटा! आणि हे आकडे फक्त वरच्या थराचे असले तर तेही अर्धे खोटे. ओहोटीत वरचं जाळं रिकामं आलं, याचा अर्थ पिल्लं आत राहिली असा होत नाही. ती तळाशी असतील, आणि तळाचं पाणीही बाहेरच चाललंय. म्हणून वर आणि खाली दोन जाळी, भरती आणि ओहोटी दोन्ही, प्रत्येक जाळ्याला फ्लोमीटर (त्यातून किती पाणी गेलं ते मोजणारं यंत्र), शिवाय मुखातून जाणाऱ्या पाण्याचं वेगळं मोजमाप. यातलं एकही गाळलंत तर घनतेचे आलेख काढत बसाल आणि त्यांना ‘प्रवेश’ म्हणाल.

आणि रात्री जा. बऱ्याच जाती रात्रीच्या भरतीत जास्त येतात, आणि दिवसा थोडी मोठी झालेली पिल्लं जाळं बघून सटकतात. ‘दिवसाचे नमुने पुरतील’ म्हणणारा मार्गदर्शक असेल तर माझं स्पष्ट मत आहे: त्याला स्वतःला जागायचं नाहीये. नाव मोठं नसलं तरी चालेल, रात्री बोटीवर येणारा माणूस शोधा.

जाळी रिकामी येतील. घाबरू नका, शून्यही नोंदवा. दहा-बारा मिलिमीटरची पिल्लं आधी सगळी एकसारखीच दिसतात; ते सगळ्यांचंच होतं. अंगावरचे स्नायूखंड मोजायला शिका, कारण ती संख्या मोठेपणीच्या मणक्यांच्या संख्येशी जवळपास जुळते. डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं) चांगलंच आहे, पण डोळा तयार होण्याआधी त्यावर विसंबलात तर नळीवरचं लेबल चुकलेलंही तुम्हाला कळणार नाही.

वाळूच्या बांधाने तोंड बंद झालेलं असेल तर ‘आवक शून्य’ असं लिहून मोकळे होऊ नका. दक्षिण आफ्रिकेतल्या अशा खाड्यांमध्ये बांधावरून उसळणाऱ्या लाटांबरोबर केप स्टम्पनोजसारख्या माशांची पिल्लं आत जातात. तिथे नमुने बांधाच्या आतल्या कडेला, मोठ्या लाटांच्या वेळी घ्यावे लागतात.

ओटोलिथवरून, म्हणजे माशाच्या कानातल्या खड्यावरून, वय काढायचं असेल (त्यावरची रोजची वलयं 1971 मध्ये संशोधक पॅनेल्लाने दाखवली) तर नमुने सरळ इथेनॉलमध्ये टाका. साध्या फॉर्मेलिनच्या आम्लात ओटोलिथ विरघळतात. आणि जपून ठेवलेली पिल्लं आक्रसतात, तेव्हा लांबी शक्यतो आधी मोजा.