इव्हेंटिंगसाठी शिंगरू हवंय? स्टॅलियन असा निवडा

इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग अशा तीन भागांची घोडेस्वारी स्पर्धा. तिच्यासाठी स्टॅलियनचे, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्यांचे, कॅटलॉग उघडण्याआधी आपल्या घोडीतल्या उणिवा कागदावर लिहा. ते न करता फोटो बघायला बसलात, तर सगळ्यात देखणा घोडाच निवडला जाणार. त्यातही एका स्टॅलियनकडून एक, फार तर दोन दोष सुधारतील, एवढीच अपेक्षा ठेवा.

पहिला हिशेब रक्ताचा, म्हणजे थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) आणि अरबी वंशाच्या टक्क्याचा. पंचतारांकित, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या, स्पर्धेच्या क्रॉस-कंट्रीत मिनिटाला 570 मीटर वेगाने 11-12 मिनिटं, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, उड्या घेत धावायचं असतं. जड घोडा शेवटी दमतो आणि दमला की पाय उशिरा उचलतो. म्हणून शिंगरात निदान 50 टक्के रक्त येईल असं बघा. शिंगराचा टक्का म्हणजे आईबापाची सरासरी. घोडी 30 आणि स्टॅलियन 40 असेल तर शिंगरू 35 टक्क्यांचं, म्हणजे कमीच. त्याच घोडीला थरोब्रेड दिला तर 65. घोडी पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड असेल, तर गणित उलटं: रक्त तिच्याकडे भरपूर आहे, तिला उडी आणि चाल देणारा वॉर्मब्लड (युरोपात क्रीडा-स्वारीसाठी पैदास केलेला घोडा) हवा. जर्मन वंशावळीत नावामागे ‘एक्सएक्स’ असेल तर तो थरोब्रेड, ‘ओएक्स’ असेल तर अरबी. जर्मन स्वार मिखाएल युंगने 2012 आणि 2016 चं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण ज्याच्यावर जिंकलं, त्या सामचा बाप स्टॅन द मॅन एक्सएक्स आणि आईचा बाप हेराल्डिक एक्सएक्स. म्हणजे किमान तीन चतुर्थांश थरोब्रेड.

व्हिडिओत लोक दुडकी बघून भुलतात. दुडकी मेहनतीने बरीच सुधारते. चालणं आणि कॅन्टर (दुडकी आणि भरधाव यांच्यामधली चाल) फारसं बदलत नाही, तेव्हा आधी तेच बघा. मोकळ्या, म्हणजे स्वाराशिवायच्या, उडीचा व्हिडिओ मागवून संथ गतीत चालवा. उडीच्या वरच्या टोकाला पुढच्या पायांचा गुडघ्यावरचा भाग जमिनीला समांतर आला पाहिजे आणि दोन्ही गुडघे जोडीने वर हवेत. गुडघे खाली लोंबत असतील, तर स्टॅलियन कितीही उंच उडो, सोडून द्या. शो जंपिंगची दांडी पडते, क्रॉस-कंट्रीचा ओंडका पडत नाही. पाय त्यावर अडकला की घोडा स्वारासकट उलटू शकतो. शेवटचं पाऊल चुकलं तेव्हा तो काय करतो, हे नीटनेटक्या दहा उड्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

संतती वरच्या पातळीवर पोहोचायला आठ-नऊ वर्षं लागतात. त्यामुळे पारखलेले स्टॅलियन बहुतेक म्हातारे असतात, नाहीतर फक्त गोठवलेल्या वीर्यातच उरलेले. काँटेंड्रो पहिला या स्टॅलियनसारखी नावं इव्हेंटिंगच्या यशस्वी बापांच्या यादीत वर दिसतात, पण नुसती संख्या मोजू नका. 1,500 शिंगरांतून वरच्या पातळीचे दहा घोडे निघणं आणि 80 मधून सहा निघणं यात फार फरक आहे. बाराव्या वर्षीही पायांनी धडधाकट राहून किती जण स्पर्धेत आहेत, तेही विचारा.

डब्ल्यूएफएफएस (वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोम) या आनुवंशिक दोषाची तपासणी दोघांचीही करा. केसांच्या मुळांवरून होते. दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण दोषाचा जनुक बाळगणारे) असतील तर दर वेळी चारात एक शक्यता, की शिंगरू गर्भातच दगावेल किंवा फाटणारी कातडी घेऊन जन्मेल आणि जगणार नाही. एकच वाहक असेल तर हा धोका नाही.

गोठवलेलं वीर्य घेताना वितळल्यानंतर किमान 35 टक्के शुक्राणूंची हालचाल आणि डोसमागे निदान 25 कोटी पुढे सरकणारे शुक्राणू, हे लेखी घ्या. बीज सुटण्याच्या आगेमागे सहा तासांत रेतन साधावं लागतं, म्हणजे डॉक्टरांना रात्रीही सोनोग्राफी करावी लागते. वयस्क घोडीच्या गर्भाशयात रेतनानंतर बरेचदा पाणी साचतं. तिला शक्यतो ताजं किंवा थंड केलेलं वीर्य बरं. थरोब्रेड घोड्यांमध्ये, अर्थात माद्यांमध्ये, दोन बीजं सुटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून 14-16 व्या दिवशी सोनोग्राफी चुकवू नका. जुळे दिसले तर गर्भ गर्भाशयाला चिकटण्याआधी, म्हणजे सोळाव्या दिवसाच्या आत, डॉक्टर त्यातला एक दाबून काढू शकतात.