आयसीएफच्या घरांचं काम शिकायचंय? वर्ध्याकडच्या साईटवरचा अनुभव

डिप्लोमा सिव्हिल करून निघालेली आपल्या भागातली पोरं बरेचदा विचारतात की दादा, ते थर्माकोलच्या घरांचं काम कसं असतं, त्यात स्कोप आहे का. मी वर्धा-यवतमाळ पट्ट्यात शेतातली घरं, फार्महाऊस अशा कामांवर साईट इंजिनिअर आहे, त्यातली काही आयसीएफची म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्मची आहेत, तर जे शिकायला मिळालं ते जरा सविस्तर लिहितो.

आधी वस्तू समजून घ्या. दोन बाजूला थर्माकोलच्या (ईपीएस) पाट्या, साधारण अडीच-अडीच इंचाच्या, मधे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या, आणि आतली पोकळी ४, ६ किंवा ८ इंच. हे ब्लॉक एकात एक बसवत भिंत उभी करायची, आत आडव्या-उभ्या सळया टाकायच्या आणि मग पोकळीत काँक्रीट. सेंट्रिंग खोलायचं कामच नाही, साचा कायमचा भिंतीतच राहतो. कॅनडातल्या वेर्नर ग्रेगोरी नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने १९६६ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणजे शोध जुना आहे, आपल्या तालुक्यात तो नवा आहे एवढंच.

माझा पहिला सल्ला, ब्लॉक लावायला शिकायच्या आधी उष्णतेचा हिशोब शिका. कॉलेजात यू-व्हॅल्यू (एका डिग्रीच्या फरकाला एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते तो आकडा, जितका कमी तितकं चांगलं) दोन मार्कांसाठी पाठ करतो आणि विसरतो, पण इथे पोट त्यावरच आहे. नऊ इंची विटेच्या प्लास्टर केलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २ येते आणि पाच इंच थर्माकोल असलेल्या आयसीएफची ०.२६ च्या आसपास. आता मे महिन्यातली पश्चिमेची भिंत घ्या, बाहेरून ५० डिग्री तापलेली, आत ३० ठेवायचेत. दहा चौरस मीटर भिंतीतून विटेच्या घरात ४०० वॅट आत येणार आणि आयसीएफमध्ये ५०-५५. हा हिशोब मालकासमोर कागदावर करून दाखवता आला की अर्धं काम झालं, कारण विटेपेक्षा खर्च जास्त आहे आणि तो का करायचा हे त्याला पटलं पाहिजे.

पण लगेच त्याच कागदावर छत पण मांडा! हे मी कळकळीने सांगतोय. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं, उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ च्या वर जाते, आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या नियमांत) छताची मर्यादा १.२ आहे. भिंती आयसीएफच्या आणि वर स्लॅब तसाच उघडा म्हणजे मालकाचा पैसा वाया, रात्री दोन वाजेपर्यंत स्लॅब तव्यासारखा खाली उष्णता फेकत बसतो. स्लॅबवर ५० एमएम एक्सपीएस शीट (थर्माकोलचाच घट्ट प्रकार), त्यावर स्क्रीड म्हणजे सिमेंट-वाळूचा थर आणि पांढरी चायना मोझॅक, एवढं केलं तरी ०.५ पर्यंत येतं. मालकाचं बजेट कमी असेल तर मी सरळ सांगतो की आधी छत करा, पश्चिमेच्या खिडकीवर सावली करा, भिंतींचं नंतर पाहू. यात ब्लॉकच्या कंपनीचा माल कमी खपतो, खपू द्या.

आता माल म्हणजे काँक्रीट टाकायचा दिवस. खरं शिक्षण इथे आहे. ओलं काँक्रीट दाब देतं, मीटरला साधारण २५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे तीन मीटर उंची एका दमात भरली तर तळाशी ७५ पर्यंत दाब येतो आणि थर्माकोल फाटतं. म्हणून घराला गोल फिरत तीन-चार फुटाचा एक थर टाकायचा, परत सुरुवातीला यायचं, मग दुसरा थर. गिट्टी १०-१२ एमएमचीच, २० एमएमची सळयांमधे अडकते आणि खाली पोकळ जागा राहते जी बाहेरून दिसतच नाही, कारण साचा खोलायचा नाहीये. खिडकीच्या चौकटीखाली पण तसंच, तिथे खालच्या फळीत भोक ठेवून त्यातूनच माल आणि व्हायब्रेटरची बारीक सुई घालावी लागते. आपल्याकडे गावात आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी आणि पंप सहसा पोचत नाही, मग मिक्सर आणि घमेले, वेळ लागतो, म्हणून थर सुकायच्या आत फेरी पूर्ण होईल इतकी माणसं आधीच ठरवा. आणि उन्हाळ्यात पहाटे सुरू करा, ४० च्या वर हवा गेली की माल पटकन आवळतो आणि मिस्त्री पाणी मारायला मागतो, तिथे ठाम राहा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा पण पाणी नाही.

एका साईटवर कोपऱ्याजवळ, जिथे ब्लॉक कापून जोडला होता, तिथे दुसऱ्या थराला मिस्त्री ओरडला, "साहेब, थांबवा, भित फुगून राह्यली!" हात लावला तर फोम गरम आणि बोटभर बाहेर आलेलं. माल लगेच समोरच्या भिंतीकडे वळवला, प्लायवूडचा तुकडा लावून दोन्हीकडच्या प्लास्टिक पट्ट्यांत स्क्रू मारले, बल्लीचा टेकू दिला आणि अर्ध्या तासाने परत तिथे हळूहळू भरलं. म्हणून जोडावर आधीच पट्टी मारायची आणि प्लायवूड, स्क्रू, ड्रिल मशीन हाताशी ठेवूनच माल सुरू करायचा. ओळंबा आणि वरची दोरी मधेमधे तपासत राहा, माल ओला आहे तोवरच भिंत सरळ करता येते. एक मोठा फायदा म्हणजे भिंतींना पाणी मारायची गरज जवळपास नसते, फोम आतली ओल धरून ठेवतं, आणि मे महिन्यात टँकरवर चाललेल्या गावात हे किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

गावातले लोक तुम्हाला ठरलेले प्रश्न विचारतील, उत्तरं तयार ठेवा. खिळा कुठे ठोकायचा? फोममध्ये नाही, आतल्या प्लास्टिक पट्टीत स्क्रू मारायचा, तिच्या जागेची खूण ब्लॉकवर असते, प्लास्टर करायच्या आधी फोटो काढून ठेवा. आग? फायर रिटार्डंट ग्रेडच घ्यायचा आणि आतून प्लास्टर किंवा जिप्सम बोर्डने पूर्ण झाकायचा, उघडा फोम एक इंचही नको. उधई? ती थर्माकोल खात नाही पण त्यातून बोगदे करत वर चढते आणि दिसत नाही, म्हणून प्लिंथखाली ट्रीटमेंट आणि जमिनीलगतचा फोम झाकणं याला सूट नाही. वायरिंग फोममध्ये खाचा पाडून करतात, पण कंड्युटमधूनच म्हणजे पाईपातूनच, कारण पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली तर तिचं कव्हर कडक होतं. उन्हात उघडं ठेवलं तर फोम पिवळं पडून भुगा सुटतो, पेट्रोल-थिनर लागलं तर विरघळतं, आणि उन्हाळ्यातल्या वावधनात ब्लॉकचा ढीग दोरीने बांधून ठेवा नाहीतर शेजाऱ्याच्या वावरात गोळा करत फिराल.

कूलरबद्दल मात्र थांबून बोला. आपल्याकडे प्रत्येक घरी कूलर, आणि कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट लागते. आयसीएफचं घर घट्ट बंद असतं, वाट ठेवली नाही तर घरात नुसता दमटपणा भरतो. नकाशातच समोरच्या बाजूला उंचावर एक्झॉस्ट किंवा झडप दाखवा. पावसाळ्यातही तीच कामी येते.

काळ्या मातीचं थोडक्यात, भिंत कितीही भारी असली तरी पाया तोच, ती फुगते-आकसते, मातीची तपासणी करून अंडर-रीम पाईल (खाली फुगीर बुड असलेले जमिनीतले खांब) की मुरूम भरून रुंद पाया ते डिझाइनरकडून घ्या.

सेवाग्रामला बापूकुटी एकदा उन्हाळ्यात दुपारी बघून या, मातीच्या जाड भिंती, कवेलू, खोल सावली. ती घरं उष्णता साठवून उशिरा आत सोडतात, आयसीएफ ती बाहेरच अडवतं, दोन्ही समजली की डोकं चालायला लागतं.

कामाचं बोलायचं तर नुसत्या आयसीएफवर विदर्भात वर्षभर पोट भरेल असं धरू नका, कामं तुरळक आहेत. पण इन्सुलेशनची समज आली की छताची कामं, एएसी ब्लॉकची (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) घरं, वरूड-मोर्शीकडे संत्र्याची कोल्ड स्टोरेज, तिथले पफ पॅनल (मधे फोम भरलेले पत्रे), सगळीकडे हाच हिशोब लागतो. पहिल्या नोकरीत पगारापेक्षा हे विचारा की माल टाकायच्या दिवशी मला साईटवर उभं राहू देणार का, आणि डीलरकडून माल घेताना बीएमटीपीसीचं (बांधकाम साहित्यासाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) सर्टिफिकेट, फोमची डेन्सिटी आणि फायर टेस्टचा कागद मागा, जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.