डेझी-व्हील टर्मिनल पुन्हा सुरू करताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातील डायब्लो कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी आणलेल्या आणि तेथूनच बाहेर पडलेल्या डेव्हिड ली यांनी १९७३ मध्ये स्थापलेल्या क्यूम कंपनीने पुढे नेलेल्या डेझी-व्हील तंत्रामुळे (पाकळ्यांच्या टोकाला अक्षरे असलेली चकती फिरते आणि हातोडी हवी ती पाकळी रिबनवर आपटते), संगणकाचे उत्तर टंकलेखन यंत्राच्या तोडीच्या अक्षरांत कागदावर उमटू लागले. ही टर्मिनले, म्हणजे संगणकाला जोडायची कीबोर्डसह छपाईयंत्रे, आज संग्राहकांच्या हाती येतात तेव्हा बहुधा बंदच असतात, आणि त्यांचे खरे नुकसान पुष्कळदा पहिल्याच दिवशीच्या घाईत होते. दोष तारेत असताना स्क्रू-ड्रायव्हर मात्र यंत्राला लागतो.

यंत्र घरी आल्याबरोबर वीज जोडणे ही पहिली चूक. वाहतुकीसाठी कॅरेज (चकती वाहून नेणारा सरकता भाग) अडकवून ठेवलेले असेल तर ते आधी मोकळे करावे आणि वीज नसतानाच हाताने अलगद सरकवून पाहावे. जुने ग्रीस घट्ट झाल्यामुळे ते अडत असेल, तर त्यावर गंज सोडवणारा फवारा मारू नये. तो उडून गेल्यावर मागे राहणाऱ्या चिकट थरावर धूळ बसते. जुने ग्रीस पुसून काढूनच नवे वंगण, तेही नेमके, द्यावे. अमेरिकेतून आलेले यंत्र ११५ व्होल्टचे असू शकते, हे आपल्याकडे विसरून चालत नाही.

वीज दिल्यावर कॅरेज डावीकडे जाते आणि चकती फिरून आपले मूळ स्थान शोधते. एवढे झाले, तर संगणक न जोडता ‘लोकल’ अवस्थेत कीबोर्डवरून एक-दोन ओळी टंकाव्यात. येथे अक्षरे बरोबर आली आणि संगणकाकडून येताना चुकली, तर दोष बाहेरचा समजावा. लोकलमध्येही एका अक्षराऐवजी नेहमी तेच दुसरे अक्षर उमटत असेल, तर चकती नीट बसलेली नाही किंवा ती या यंत्राची नाही.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या चकत्या एकमेकींच्या जागी चालतीलच असे नाही. डायब्लो ६३० मध्ये प्लास्टिकची चकती ९६ पाकळ्यांची, तर धातूची ८८ पाकळ्यांची असते. शिवाय हातोडीचा जोर अक्षरागणिक ठरलेला असतो. अक्षरांचा क्रम वेगळा असलेल्या चकतीवर पूर्णविरामाला मोठ्या ‘एम’चा तडाखा बसतो आणि कागदाला बारीक भोक पडते. असे भोक दिसल्यास हातोडीचे समायोजन करायला न जाता आधी चकती बदलून पाहावी.

सर्वांत जास्त गोंधळ वेगाचा होतो. १२०० बॉडला (म्हणजे येथे सेकंदाला १२०० बिट), एका अक्षरामागे दहा बिट धरल्यास, सेकंदाला १२० अक्षरे येतात. यंत्र मात्र सेकंदाला ४० ते ४५ अक्षरेच छापते. उरलेली अक्षरे बफरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, साठतात आणि ते भरत आले की यंत्र ‘एक्स-ऑफ’ पाठवून संगणकाला थांबवते, किंवा संगणकच प्रत्येक तुकड्यानंतर ‘ईटीएक्स’ (तुकडा संपला) पाठवून ‘एसीके’ची (पोचपावतीची) वाट पाहतो. दोन्ही बाजूंना एकच पद्धत ठरवली नसेल, तर पानाचा आरंभ निर्दोष छापला जातो आणि पुढे शब्दच्या शब्द गळतात. ही खूण पाहून छपाईची यंत्रणा उघडणारे लोक हकनाक वेळ घालवतात. आजच्या संगणकाला असे जुने यंत्र जोडणारे यूएसबी-सीरियल अडॅप्टर आणखी भर घालतात, कारण ‘थांब’ हा संदेश पोहोचेपर्यंत त्यांच्या पोटातील अक्षरे निघून गेलेली असतात. अशा वेळी सरळ ३०० बॉडवर यावे. सेकंदाला ३० अक्षरे यंत्राला सहज पेलतात, आणि अभिमान बाळगण्याइतका हा वेग त्या काळीही नव्हता.

केबलही सरळ जोडून चालत नाही. टर्मिनल आणि संगणक दोन्ही सारख्याच प्रकारची टोके असल्यामुळे मध्ये मोडेम नसेल तर क्रमांक २ आणि ३च्या तारा उलटसुलट जोडाव्या लागतात. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत असेल, तर ‘हाफ डुप्लेक्स’ (टंकलेले अक्षर टर्मिनलनेच छापणे) आणि संगणकाचा प्रतिध्वनी (तेच अक्षर संगणकाने परत पाठवणे) यांपैकी एक बंद करावा. सगळ्या ओळी एकमेकींवर छापल्या जात असतील तर ‘लाइन फीड’ (कागद एक ओळ पुढे सरकवण्याची आज्ञा) येत नाही, आणि विनाकारण एकेक ओळ सुटत असेल तर ते दोनदा होत आहे.

एकच अक्षर फिके येत असल्यास त्याची पाकळी तपासावी; सगळीच फिकी असल्यास रिबन बदलावी. एकदाच वापरायची कार्बन रिबन उलटी गुंडाळून पुन्हा लावण्याची काटकसर करू नये, कारण वापरलेल्या जागी कार्बन उरलेलाच नसतो.