तीळ काढण्याचा खर्च विम्यातून हवाय? या चुका टाळा

चेहऱ्यावरचा तीळ नकोसा झाला म्हणून काढला, तर आरोग्य विमा त्याचे पैसे देत नाही. सौंदर्यासाठी केलेले उपचार आपल्याकडच्या पॉलिसींत वगळलेले असतात. पण त्याच कलमात एक वाट ठेवलेली आहे. तिळामुळे तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तर तो खर्च वैद्यकीय गरज म्हणून मागता येतो.

म्हणून सगळ्यात वाईट चूक म्हणजे संशयास्पद तीळ लेझरने जाळून घेणं. जळलेल्या तिळाची बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेतली तपासणी, होत नाही. क्लेमचा पुरावा जातोच, पण मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असेल, तर तोही कळत नाही. तीळ अलीकडे वाढलाय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतात, आकार ६ मिलिमीटरहून मोठा आहे किंवा त्यातून रक्त येतंय, यातलं काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी काढायला सांगितला, तर काढलेला तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे. सावळ्या त्वचेत मेलॅनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथल्या नव्या काळ्या डागाकडे तर अजिबात काणाडोळा नको. आणि कृपा करून विम्याच्या मंजुरीसाठी थांबू नका. बिलं आधी भरून नंतरही क्लेम करता येतो.

केसपेपरवर नुसतं ‘तीळ काढला’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कंपनी तो सौंदर्योपचार धरू शकते. तीळ कधीपासून आहे, काय बदललं, संशय कशाचा, हे डॉक्टरांकडून नोंदवून घ्या. नसलेली लक्षणं मात्र लिहायला सांगू नका. ती फसवणूक ठरते.

पुढची अडचण ओपीडीची. जागा बधिर करून अर्ध्या तासात तीळ निघतो आणि माणूस घरी जातो. अनेक पॉलिसींच्या व्याख्येत, जे उपचार एरवी ओपीडीतच होतात ते डे केअर, म्हणजे २४ तासांपेक्षा कमी वेळ दाखल होऊनही विम्यात बसणारे उपचार, धरले जात नाहीत. क्लेमसाठी उगाच रात्रभर दाखल होऊ नका, कारण केवळ तपासणीसाठीचं दाखल होणंही वगळलेलं असतं. शस्त्रक्रिया आधीच ठरली असेल, तर कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला) ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पॉलिसीत ओपीडी कव्हर असेल तर तेही पाहा.

पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबावं लागणारा काळ, बघा. पहिले ३० दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही. साध्या, कर्करोग नसलेल्या गाठींसाठी अनेक पॉलिसींत २४ महिने थांबावं लागतं. तीळ आधीच डॉक्टरांना दाखवला असेल, तर पॉलिसी घेताना भरायच्या प्रस्ताव अर्जात ते सांगा.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा. बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘विमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.