प्रोग्रामर आणि प्रोग्रामिंग शिकणारी मुलं यांच्यावर रिसर्च करायचाय?

रिसर्च म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं नवीन अल्गोरिदम काढायचा नाहीतर टूल बनवायचं. आमच्या एरियात काम वेगळं आहे, लोक कोड कसा लिहितात, रिव्ह्यू करताना नेमकं काय बघतात, नवशिक्यांचं लूपशी घोडं का अडतं, हे शोधायचं. म्हणजे अर्धं काम मशीनचं, अर्धं माणसांचं. पीएचडीला येणारे बहुतेक जण पहिल्या अर्ध्याचीच तयारी करून येतात.

सुरुवातीला सगळे गिटहबकडे, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटकडे धावतात. साहजिक आहे, एक स्क्रिप्ट लिहिली की ढीगभर कमिट्स (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) हातात. पण तो डेटा कुणी तुमच्या थिसिससाठी जमवलेला नाहीये!! २०१४ चा एक गाजलेला पेपर आहे, ७२९ प्रोजेक्ट घेऊन कुठल्या भाषेतल्या कोडमध्ये बग जास्त येतात ते बघितलेलं. २०१९ मध्ये दुसऱ्या टीमने तेच अ‍ॅनालिसिस परत केलं तर बरेचसे निष्कर्ष टिकलेच नाहीत. त्यातली एक गोष्ट बघा, टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या म्हणून मोजलेल्या कितीतरी फाइल्स टाइपस्क्रिप्टच्या नव्हत्याच, एक्स्टेन्शन तेच पण आत भाषांतराचा मजकूर. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, स्टॅटिस्टिकल मॉडेल लावायच्या आधी मूठभर फाइल्स स्वतः उघडून वाचा.

शिकवण्याच्या बाजूचं काम मला जास्त जवळचं. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून पहिला प्रोग्रामिंग कोर्स झालेल्या मुलांना प्रोग्राम लिहायला दिले, सरासरी आली ११० पैकी २२.८९. सगळ्यांना वाटलं मुलांना प्रॉब्लेम सोडवताच येत नाहीत. मग २००४ मध्ये दुसऱ्या एका गटाने साधं विचारलं, बाबा हा तयार कोड वाचून आउटपुट तरी सांगता येतं का? आणि बऱ्याच मुलांना तेही धड जमलं नाही. म्हणजे गाडी लिहिण्याच्याही आधी अडकलेली. असा प्रश्न सुचणं हीच खरी कमाई, आणि तो मुलांच्या शेजारी बसून त्यांना कोड मोठ्याने वाचायला लावलं की सुचतो, मला तरी तसाच सुचलाय.

प्रोग्रामरच्या मुलाखती घेणार असाल तर "तुम्ही कोडसाठी टेस्ट लिहिता का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "शेवटचा बग कसा सापडला, जरा स्क्रीनवर दाखवा" म्हणा. मग आधी पायलट, म्हणजे छोटी चाचणी घ्या, ट्रान्सक्रिप्टला टॅग दोघांनी वेगवेगळे लावा आणि कुठे जुळत नाही त्यावर भांडा, त्या भांडणातच टॅगच्या व्याख्या पक्क्या होतात. आणि स्वतःच्याच वर्गावर स्टडी करत असाल तर संमती तिसऱ्या कुणाकडून घ्या, कोण हो म्हणालं ते ग्रेड लागल्यावरच बघा, नाहीतर मुलं नाही म्हणूच शकत नाहीत. एथिक्स कमिटीची परवानगी टर्म सुरू व्हायच्या आत हवी, तिला वेळ लागतो.

वाचायला या परिषदांचे पेपर घ्या: इंडस्ट्रीच्या बाजूने आयसीएसई (ICSE), एमएसआर (MSR), शिक्षणाच्या बाजूने सिग्सी (SIGCSE), आयसर (ICER).

पहिलं काम म्हणून डेटा खुला असलेला एखादा जुना पेपर घ्या आणि तो परत करून बघा. अशा कामाला अजून पुरेसा मान मिळत नाही हे मला खटकतं, कारण आकडा कुठे जुळत नाही ते शोधताना मेथड जेवढी कळते तेवढी कुठल्याच कोर्समध्ये कळत नाही. नाही जुळला तर मूळ लेखकांना सरळ मेल टाका, स्क्रिप्ट जोडून.