मुलाच्या भीतीची आणि उदासीची कारणे घरी कशी तपासावीत

शाळेची वेळ झाली की पोट दुखणे, आई नजरेआड होताच रडून गोंधळ घालणे, एरवी हसऱ्या मुलाने आठवडेच्या आठवडे प्रत्येकावर डाफरणे, अशा तक्रारींत घरातल्यांचा पहिला प्रश्न ‘चूक कोणाची?’ हाच असतो. तो बाजूला ठेवावा, कारण बालपणीचे भावनिक विकार एकाच कारणाने क्वचितच होतात. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९६४-६५ पासून आयल ऑफ वाइट बेटावर आणि पुढे लंडनमध्ये केलेल्या पाहण्यांत आढळले, की आईवडिलांतील तीव्र कलह, आईचा मानसिक आजार किंवा गरिबी यांसारखी एखादी प्रतिकूल गोष्ट एकटी असताना धोका फारसा वाढत नाही, पण अशा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की तो अनेक पटींनी वाढतो. यातली दिलाशाची बाजू अशी, की त्यांतला एखादा भार हलका करणे बहुतेक घरांना शक्य असते.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून शारीरिक तपासणी करून घ्यावी. दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, रक्तक्षय किंवा वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता यांमुळेही मूल शाळा टाळते.

त्यानंतर दोन आठवडे एका वहीत रोजची नोंद ठेवावी. आधी काय घडले, मुलाने काय केले आणि मोठ्यांनी त्यावर काय केले, एवढेच लिहावे. मत लिहू नये. उदाहरणार्थ: ‘सोमवार, सकाळी ६:४०. डबा भरताना पोट दुखते म्हणाली. रडली. आजी म्हणाल्या, आज राहू दे. साडेआठला पोहे खाल्ले, मग दिवसभर खेळली.’ ही नोंद वाचून मूल ढोंग करते असे ठरवू नये. चिंतेचा आतड्यांवर खरोखर परिणाम होतो आणि ते दुखणे खरेच असते. मात्र शाळा टळताच जी सुटका वाटते, तीच मनाला शिकवते की शाळा धोक्याची होती आणि घरी राहिलो म्हणून वाचलो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची भीती आणखी मोठी होते. आजींनी मायेनेच राहू दिलेले असते, म्हणून त्यांना दोष न देता ही साखळी सर्वांना समजावून सांगावी.

वही वाचताना चार गोष्टी पाहाव्यात: मुलाचा मूळचा स्वभाव आणि घरातल्या इतरांचा काळजीखोरपणा, अलीकडे झालेला बदल, त्रास टिकवून ठेवणारी वागणूक आणि मुलाला आधार देणारी माणसे. बदल शोधताना घराबाहेरही पाहावे लागते. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वडिलांची रात्रपाळी सुरू झाली असेल, तर मुलाची आणि त्यांची भेटच होत नाही. सुरगाणा-पेठमधली कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला जातात, तेव्हा मुलांची शाळा तरी तुटते किंवा आईवडील तरी दुरावतात. लहान वयात आश्रमशाळेत राहायला गेलेल्या मुलाचे मिटून जाणे हा हट्ट समजू नये. कांद्याचे भाव पडल्यावर कर्जावरून घरात होणारी बोलणीही मुले ऐकतात, आणि आपल्यामुळेच हे घडते असा अर्थ लावतात.

मुलाला समोर बसवून ‘काय झालंय, सांग’ असे विचारल्यास ते गप्पच बसते. भाजी निवडताना सोबत घेऊन नेमके विचारावे: ‘सगळ्यात नकोसं काय वाटतं, रिक्षा, मधली सुट्टी की गणिताचा तास?’ कोणी छळते किंवा मारते असे उत्तर आले, तर मुलाला परत पाठवण्याआधी शाळेने तो त्रास थांबवलाच पाहिजे. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास चाइल्डलाइन १०९८ किंवा पोलिसांना कळवावे. पोक्सो कायदा, २०१२ नुसार तसे कळवणे बंधनकारक आहे.

असा धोका नसेल, तर वर्गशिक्षकांशी बोलून टप्पे ठरवावेत: आधी फाटकापर्यंत, मग पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. निरोप थोडक्यात घ्यावा, न सांगता निघून जाऊ नये, आणि घरातल्या सर्वांनी एकच उत्तर द्यावे. आईने पाठवायचे आणि काकांनी परत आणायचे, असे झाले तर सगळे टप्पे वाया जातात.

विलगतेची, म्हणजे आईवडिलांपासून दूर होण्याची, भीती चार आठवडे टिकली, किंवा उदासी अथवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली आणि झोप, भूक, खेळ बिघडले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मुलांत नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसते, हे आपल्याकडे फार उशिरा लक्षात येते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते, तसेच टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मुलाने मरणाची भाषा केली किंवा स्वतःला इजा केली, तर वही पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.