कोळसा वीजकेंद्रात नवं तंत्रज्ञान बसवून दाखवताय? या चुका टाळा

प्रात्यक्षिक प्रकल्पाचा अहवाल तपासायला आला की मी निष्कर्षाकडे नंतर वळते. आधी बघते ती बदलापूर्वीची रीडिंग. बहुतेक अहवालांत ती नसतातच, आणि हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

नवे बर्नर चढवायची घाई एवढी, की जुन्यांची नीट मोजणी करायला कोणी वेळ देत नाही. एका केंद्रात लो-नॉक्स बर्नर बसले, म्हणजे नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं, हवा बिघडवणारे वायू) कमी तयार करणारे. नॉक्स उतरला, सगळे खूश. थोड्याच दिवसांत सिमेंटवाल्यांनी फ्लाय अ‍ॅश (धुराबरोबर उडणारी बारीक राख) घ्यायला नकार दिला, कारण राखेत न जळलेला कार्बन फार होता. ज्योतीच्या मुळाशी हवा कमी केली की नॉक्स घटतो, पण कोळसा अर्धवट जळण्याचा धोका वाढतो. हे जुनंच दुखणं आहे. मात्र राख आधीपासून अशीच होती की बर्नरनंतर बिघडली, हे कोणालाच सांगता येईना. जुन्या राखेचे नमुनेच ठेवलेले नव्हते. बर्नरवाले कोळसा दळणाऱ्या मिलकडे बोट दाखवत, मिलवाले कोळशाकडे. आम्हाला बोलावलं तेव्हा आम्ही मिलकडून बर्नरकडे जाणाऱ्या एकेका कोल पाइपमधून कोळशाची पूड काढून चाळली. एका मिलच्या पुडीचा जाड भाग ५० मेशच्या (इंचाला ५० भोकं) चाळणीवर भरपूर उरत होता. जाड कण परत दळायला पाठवणारा क्लासिफायर झिजला होता, आणि जाड कण पुरते जळत नाहीत. तो दुरुस्त केल्यावर कार्बन खाली आला, पण तोवर 'हे बर्नर चालत नाहीत' असा शिक्का बसला होता.

म्हणून माझा शिरस्ता असा: बदलाआधी आणि नंतर कोळसा तोच, लोड तोच, पूड चाळलेली आणि राखेचे नमुने लेबल लावून जपलेले. ऑक्सिजनसाठी एकाच प्रोबवर मी भरवसा ठेवत नाही. इकॉनॉमायझरनंतर (बॉयलरचं पाणी धुराच्या उष्णतेवर तापवणाऱ्या भागानंतर) धुराच्या डक्टमध्ये आडवे-उभे बिंदू आखून मोजते. डक्ट गळका असेल तर बाहेरची हवा मिसळून नॉक्सचा आकडा आपोआप लहान दिसतो. ९ टक्के ऑक्सिजनला घनमीटरमागे ४०० मिलिग्रॅम दिसणारा नॉक्स तुलनेसाठी धरलेल्या ६ टक्क्यांवर आणला की ५०० भरतो. ही दुरुस्ती न करता दिलेला आकडा मी परत पाठवते.

कार्यक्षमता सांगताना कोळशाचा उष्मांक उच्च धरला (धुरातल्या वाफेची उष्णता मोजून) की निम्न (ती सोडून), ते लिहा. एकावर ४० टक्के आणि दुसऱ्यावर जवळजवळ ४२ टक्के, हे एकाच युनिटचे आकडे असू शकतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे छोट्या संचावर जमलं की थेट अवाढव्य उडी मारायची. अमेरिकेतल्या मिसिसिपीतलं केंपर आठवा. लिग्नाइटचं (हलक्या प्रतीच्या कोळशाचं) वायूकरण करणारं, म्हणजे त्याचा इंधनवायू बनवणारं ५८२ मेगावॅटचं केंद्र, खर्च ७ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, आणि जून २०१७ मध्ये वायूकरणाचं काम थांबवून ते नैसर्गिक वायूवरच ठेवावं लागलं. मधल्या आकाराचा टप्पा वगळून वाचवलेला वेळ कमिशनिंगमध्ये (संच पहिल्यांदा चालू करून घडी बसवताना) दामदुपटीने द्यावा लागतो, हे अधीर मंडळींना कितीदा सांगायचं!

तसंच, नवा संच जुन्या युनिटच्या सवयी अंगावर घेतो. कॅनडातल्या सास्काचेवानच्या बाउंडरी डॅम ३ या कोळसा युनिटवर २०१४ मध्ये धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडणं सुरू झालं, आणि फ्लाय अ‍ॅश तो शोषणाऱ्या अमाइन रसायनाच्या द्रावणात शिरून त्रास देऊ लागली. ईएसपीचं (धुरातली राख विजेच्या भाराने पकडणाऱ्या यंत्राचं) एखादं फील्ड, म्हणजे कप्पा, बंद असेल तर पुढे रसायन चढवायचा विचारसुद्धा करू नका.

एससीआर (अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून नॉक्स घटवणारी यंत्रणा) असेल तर कमी लोडला अमोनिया मारत राहू नका. वायू थंड पडला की अमोनियम बायसल्फेट हा चिकट क्षार धरतो आणि एअर प्रीहीटर (भट्टीत जाणारी हवा तापवणारं यंत्र) चोंदतो.

वीज मोजायची ती केंद्राच्या कुंपणाबाहेर गेलेली. कार्बन पकडायला लागणारी वाफ आणि कॉम्प्रेसरची वीज वजा केल्याशिवाय मेगावॅट लिहू नका.

आणि ट्रिप झालेले (संच अचानक बंद पडलेले) तास सरासरीतून गाळू नका. ते कारणासकट वेगळ्या तक्त्यात द्या. पुढचा संच उभारणारा माणूस तोच तक्ता आधी उघडतो.